टायरमध्ये हवा भरणारा गुरांचा डॉक्टर

माळशेज घाट उतरून मुरबाडमार्गे कल्याणच्या बाजार समितीत भाजी घेऊन येणाऱ्या पिकअप तुम्ही पाहिल्याच असतील. मागे क्रेटवर क्रेट, वरून ताडपत्री आणि खाली जाडजूड हेवी ड्युटी टायर. माल जास्त बसावा, टायर लवकर फाटू नयेत म्हणून मालक मुद्दाम असे टायर टाकून घेतात. मग काही दिवसांत ड्रायव्हरची तक्रार सुरू होते. गाडी सत्तरच्या पुढे गेली की स्टेअरिंग थरथरतं. कधी सीटखालून हादरे येतात. टायर तर कोरे करकरीत, मग गाडी व्हायब्रेट का होते?

चाकाच्या या थरथरीचा पिच्छा पुरवून जगाचा प्रवास मऊ करणारा माणूस ना इंजिनिअर होता ना मेकॅनिक. तो गुरांचा डॉक्टर होता. त्याचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलंय. टायरवर वाचलंय, टेनिसच्या रॅकेटवर पाहिलंय आणि घरातल्या जुन्या माणसांच्या तोंडी तर ते गादीला चिकटलेलं आहे. डनलॉप! पण डनलॉप हा कंपनीचा शिक्का नसून हाडामांसाचा, दाढीवाला, थोडा भिडस्त माणूस होता, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं?

नाजूक तब्येतीचा मुलगा

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० चा. गाव स्कॉटलंडच्या एअरशायर भागातलं ड्रेगहॉर्न. घरी शेती. आपण दिवस भरायच्या आधीच जन्मलो, असं त्यांना लहानपणी सांगण्यात आलं होतं. त्यामुळे आपली तब्येत तोळामासा आहे, आपल्याला जपून राहायला हवं, ही समजूत त्यांच्या डोक्यात कायमची बसली. गंमत म्हणजे हाच नाजूक माणूस पुढे एक्याऐंशी वर्षं जगला.

शेतावरच्या कष्टाच्या कामाला हा मुलगा टिकणार नाही, पण डोकं चांगलं आहे, हे घरच्यांनी ओळखलं. मुलगा शिकला. एडिंबराच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून १८५९ मध्ये, म्हणजे अवघ्या एकोणिसाव्या वर्षी तो पशुवैद्य होऊन बाहेर पडला. आपल्याकडे त्या वयात पोरं सेकंड इयरच्या केटीचं टेन्शन घेत असतात!

जवळजवळ आठ वर्षं स्कॉटलंडमध्ये काम केल्यावर १८६७ मध्ये डनलॉप आयर्लंडला गेले. तिथे त्यांचा जम बसला. पुढे बेलफास्ट शहरात त्यांचा दवाखाना चांगलाच मोठा झाला. त्या काळात शहर चालायचं ते घोड्यांवर. ट्राम घोड्याची, मालगाडी घोड्याची, डॉक्टरची बग्गी घोड्याची. घोडा लंगडला की धंदा बसला. त्यामुळे घोड्यांचे पाय, नाल, खूर आणि खालचा दगडी रस्ता यांचा हिशेब डनलॉप रोज बघत होते. दगडावर लोखंड आपटलं की काय होतं, हे त्यांना कुठल्याही सायकलवाल्यापेक्षा जास्त कळत होतं.

आणखी एक गोष्ट त्यांच्या हाताशी होती. आपल्या कामासाठी लागणाऱ्या रबराच्या वस्तू ते स्वतः बनवायचे. पातळ रबर कसं कापायचं, कसं चिकटवायचं, ते कुठे फाटतं, किती ताणतं, हे त्यांना हाताने माहीत होतं. पुढची सगळी कथा या हातगुणावर उभी आहे.

जॉनीची तीनचाकी

१८८७ साल. डनलॉप यांचा मुलगा जॉनी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होता. त्याच्याकडे एक तीनचाकी सायकल होती. चाकांना भरीव रबराच्या पट्ट्या. बेलफास्टचे रस्ते दगडी चिऱ्यांचे, मधून ट्रामचे रूळ. त्यावरून ही सायकल चालवायची म्हणजे प्रत्येक दगड हातातून खांद्यात आणि खांद्यातून डोक्यात जाणार. पोराला जोरात जायचं होतं आणि रस्ता जाऊ देत नव्हता.

बापाने दोन पर्याय सहज निवडले असते. सायकल अजून मजबूत करायची, नाहीतर पोराला गप्प बसायला सांगायचं. डनलॉप यांनी वेगळा विचार केला. धक्का सायकलमध्ये नाही, तो चाक आणि रस्ता जिथे एकमेकांना भेटतात तिथे तयार होतो. मग इलाजही तिथेच करायला हवा.

हे साधं वाटतं, पण नीट बघा. कडक चाक दगडावर चढलं की चाक, आस, गाडी आणि बसलेला माणूस हे सगळं वजन त्या दगडाच्या उंचीइतकं वर उचलावं लागतं आणि लगेच खाली आदळतं. भरीव रबर थोडंसंच दबतं. पण रबराच्या नळीत हवा कोंडली तर चाक दगडाभोवती दबतं, दगडाला पोटात घेतं आणि पुढे जातं. वरचं वजन जवळजवळ होतं तिथेच राहतं.

डनलॉप यांनी फूट-सव्वा फूट व्यासाची एक लाकडी तबकडी घेतली. पातळ रबराची नळी स्वतः चिकटवून तयार केली. ती तबकडीच्या कडेला बसवली, वरून कापडाची पट्टी ओढली आणि ती खिळ्यांनी ठोकून टाकली. हवा भरली ती फुटबॉलच्या पंपाने. अख्ख्या जगाला पुढे गुडघ्यावर बसून जे करावं लागणार होतं, ते सगळं त्या दिवशी एका दवाखान्याच्या आवारात झालं.

आता खरी परीक्षा. त्यांनी जॉनीच्या सायकलचं भरीव रबराचं चाक काढलं आणि अंगणात एका टोकाकडून सोडलं. ते पलीकडच्या टोकाला पोचायच्या आधीच डगमगून पडलं. मग हवेचं चाक तेवढ्याच जोराने सोडलं. ते अख्खं अंगण ओलांडून गेलं, दारावर आपटलं आणि उसळून मागे आलं.

विचार करा, यात मोजमापाचं एकही यंत्र नव्हतं. फक्त दोन चाकं, एकच अंगण, एकच हात. बदल एकाच गोष्टीत. आपण ज्याला प्रयोग म्हणतो तो यापेक्षा वेगळा काय असतो?

मग तीनचाकीच्या मागच्या दोन्ही चाकांना हवेचे टायर बसले. १८८८ च्या सुरुवातीला एका चांदण्या रात्री जॉनी नव्या चाकांवर बाहेर पडला. त्या रात्री चंद्रग्रहण होतं. अंधार पडला तसा तो परत आला आणि ग्रहण सुटल्यावर पुन्हा निघाला. पोराचा उत्साह यावरूनच कळतो. डनलॉप मात्र उत्साहात वाहून गेले नाहीत. पोरगा आल्यावर त्यांनी टायर तपासले. धारदार दगडांवरून जाऊन रबराला ओरखडा पडलाय का, हे त्यांना बघायचं होतं. टायर धडधाकट होते.

जुलै १८८८ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. डिसेंबरमध्ये पेटंट मिळालं.

हसणाऱ्यांची बोलती बंद

जाड फुगीर टायरची सायकल रस्त्यावर आली तेव्हा लोक हसले. बारीक, सडपातळ चाकं म्हणजे वेग, हे तेव्हाच्या पोरांच्या डोक्यात पक्कं होतं. हे असलं सुजलेलं चाक कोण वापरणार?

बेलफास्टमधला विली ह्यूम नावाचा एक सायकलपटू मात्र तयार झाला. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर शर्यती होत्या. म्हणजे एका अर्थी कॉलेजचा स्पोर्ट्स डेच. ह्यूम काही तिथला हुकमी एक्का नव्हता. पण त्या दिवशी तो हवेच्या टायरवर आला आणि एकामागून एक शर्यत जिंकत गेला. पुढे लिव्हरपूलला जाऊन त्याने इंग्लंडच्या सायकलपटूंनाही धूळ चारली. काही महिन्यांतच गणित उलटं झालं. हवेचे टायर नसतील तर शर्यतीत उतरण्यात अर्थच उरला नाही.

या शर्यतींवर डब्लिनच्या एका व्यापाऱ्याचं लक्ष होतं. त्याचं नाव हार्वे डू क्रॉ. त्याची मुलं स्वतः नावाजलेली सायकलपटू होती आणि हवेच्या टायरपुढे त्यांना हार खावी लागली होती. इतर बाप चिडले असते. डू क्रॉने त्यात धंदा पाहिला. १८८९ मध्येच डब्लिनला कंपनी उभी राहिली. डनलॉप यांनी आपलं पेटंट कंपनीला दिलं आणि बदल्यात काही पैसे व शेअर घेतले. दवाखान्यातला डॉक्टर आता उद्योगातला भागीदार झाला होता.

इथपर्यंतची गोष्ट सिनेमासारखी आहे. मध्यंतरानंतर ती बदलते.

शोध लागला होता, त्रेचाळीस वर्षांपूर्वीच

पेटंट मिळून साधारण दोन वर्षं झाली असतील. डनलॉप यांना कळवण्यात आलं की त्यांचं पेटंट ग्राह्य नाही. कारण हवेच्या चाकाचं पेटंट १८४५ मध्येच दुसऱ्या एका माणसाने घेऊन ठेवलं होतं. तोही स्कॉटलंडचाच. नाव रॉबर्ट विल्यम थॉमसन. पेटंट घेतलं तेव्हा तो होता तेवीस वर्षांचा, म्हणजे तुमच्या-आमच्या वयाचा!

थॉमसनचं चाक कागदावरच राहिलं होतं असं नाही. रबर लावलेल्या कापडाची नळी आणि बाहेरून चामड्याचं आवरण, अशी त्याची रचना होती. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोड्याच्या बग्ग्यांना ही चाकं लावून त्याने लोकांना दाखवलीही होती. चाकं मऊ चालत होती, आवाज करत नव्हती, घोड्याला कमी ओढावं लागत होतं. मग ती विसरली का गेली? कारण तेव्हा ना आजच्यासारखी सायकल होती ना मोटार. रबर महाग होतं. बग्गीत बसणाऱ्याला धक्के बसत होते, पण त्यासाठी एवढा खर्च करायची कुणाची तयारी नव्हती. उत्तर तयार होतं, प्रश्न अजून जन्माला यायचा होता.

थॉमसन पुढे भरीव रबराच्या टायरवर चालणारी वाफेची रस्तागाडी बनवण्याकडे वळला. त्याच्या गाड्या १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला थेट आपल्या देशात, पंजाबच्या रस्त्यांवर चालवून पाहण्यात आल्या. ते काम सांभाळणारा तरुण ब्रिटिश अधिकारी होता क्रॉम्प्टन. हो, तोच, ज्याचं नाव आज आपल्या डोक्यावरच्या पंख्यावर असतं. थॉमसन १८७३ मध्ये वारला. आपली कल्पना पंधरा वर्षांनी एका गुरांच्या डॉक्टरला पुन्हा सुचेल, हे बघायला तो नव्हता. आणि डनलॉप यांना थॉमसनबद्दल काहीच माहिती नव्हती.

आता डनलॉप यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. प्रोजेक्ट मन लावून केला, सगळ्यांनी वाहवा केली आणि मग कुणीतरी दाखवून दिलं की हे आधीच झालंय. आपली चोरी नाही, तरीही पहिलेपणा आपला नाही. कंपनीपुढे तर अस्तित्वाचाच प्रश्न होता. मूळ पेटंटच गेलं तर कुणीही टायर बनवू शकत होतं.

कंपनी तरली ती दुसऱ्यांच्या शोधांवर. डनलॉप यांचा सुरुवातीचा टायर चाकाला चिकटवलेला असायचा. पंक्चर झालं की तो सोडवणं म्हणजे दिवसभराचा कार्यक्रम. चार्ल्स वेल्च यांनी कडेला तार असलेला आणि त्यासाठी खास खोलगट रिम असलेला टायर काढला. विल्यम बार्टलेट यांनी रिमच्या वळलेल्या कडेत अडकून बसणारा टायर काढला. दोन्ही १८९० च्या आसपासचे. डू क्रॉच्या कंपनीने हे हक्क विकत घेतले. आज पंक्चरवाला दोन लोखंडी पट्ट्या घालून टायर काढतो तेव्हा त्याच्या हाताखाली असते ती डनलॉप यांची नाही, वेल्च यांची करामत.

मग डनलॉप यांचं नक्की काय? माझ्या मते त्यांचं श्रेय पेटंटच्या कागदावर नाही, अंगणात सोडलेल्या त्या दोन चाकांत आहे. एक खरा धक्का, एक खरं पोर, एक खरी सायकल आणि उत्तर पटेपर्यंत केलेली तपासणी. थॉमसनने चाक शोधलं. डनलॉप यांनी ते वापरात आणलं. वेल्च आणि बार्टलेट यांनी ते दुरुस्त करता येईल असं केलं. यातला एक जरी गाळला तरी आपली गाडी आज दगडासारख्या चाकांवर धावली असती.

नाव राहिलं, माणूस बाहेर

१८९५ मध्ये फ्रान्सच्या मिशेलिन बंधूंनी पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरवर मोटार उतरवली. पंक्चरमागून पंक्चर झाले, पण मोटार हवेवर चालू शकते हे जगाला दिसलं. नेमक्या त्याच वर्षी डनलॉप कंपनीतून बाहेर पडले. डू क्रॉ धंद्यात मुरलेला होता, डनलॉप नव्हते. दोघांचं फारसं जमलं नाही.

पुढच्याच वर्षी टेरा हूली नावाच्या एका दलालाने ती कंपनी तीस लाख पौंडांना घेतली आणि लगेच पन्नास लाखांना बाजारात आणली. डनलॉप यांच्या वाट्याला या घबाडातलं काही आलं नाही. कंपनीच्या नावात डनलॉप हा शब्द ठळकपणे बसला तोही याच सुमारास. म्हणजे माणूस बाहेर गेला आणि नाव आत आलं.

या तेजीला एक काळी बाजूही आहे. जगाला टायर हवे झाले तसं रबर हवं झालं. आफ्रिकेतल्या काँगोमध्ये बेल्जियमच्या राजा लिओपोल्डच्या राजवटीत जंगलातलं रबर आणायला लोकांना मारझोड करून जुंपलं गेलं. असंख्य माणसं त्यात मेली. बेलफास्टच्या अंगणात खेळणाऱ्या पोराचा आणि या अत्याचाराचा थेट संबंध नाही. पण आपल्या मऊ प्रवासाची किंमत कुणीतरी दुसऱ्याने दिली, हे लक्षात ठेवायला हवं.

डनलॉप डब्लिनला राहिले. कापडाच्या एका मोठ्या दुकानाच्या कारभारात त्यांनी लक्ष घातलं. आपली बाजू सांगणारं हवेच्या टायरच्या इतिहासावरचं पुस्तक त्यांनी लिहिलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिनमध्ये त्यांचं निधन झालं. पुढे उत्तर आयर्लंडमधल्या एका बँकेने दहा पौंडांच्या नोटेवर त्यांचं चित्र छापलं.

मग पिकअप का थरथरते?

आता पुन्हा आपल्या पिकअपकडे येऊ. डनलॉप यांनी थरथर घालवली होती ना? मग ती परत कशी आली?

पहिलं कारण खुद्द टायरमध्ये. जास्त लोडसाठी बनवलेल्या टायरची बाजूची भिंत जाड आणि कडक असते. त्यात हवाही जास्त दाबाने भरावी लागते. म्हणजे आपण हवेच्या टायरला पुन्हा भरीव टायरच्या दिशेने ढकलतो. गाडी भरलेली असताना हे चालतं. पण परतीच्या खेपेला रिकाम्या गाडीत तोच दाब असेल तर प्रत्येक खड्डा कमरेला कळतो.

दुसरं कारण वजनाचं. चाक जितकं जड, तितका त्यातला लहानसा असमतोल महाग पडतो. एक हिशेब करू. सत्तर सेंटिमीटर व्यासाचं चाक ताशी ८० किलोमीटरला सेकंदाला साधारण दहा वेळा फिरतं. रिमच्या एका बाजूला ५० ग्रॅम वजन जास्त असेल, म्हणजे चिखलाचा एक गोळाच, तर त्या वेगाला ते जवळपास चार किलोच्या जोराने चाकाला ओढतं. सेकंदाला दहा वेळा, दर वेळी वेगळ्या दिशेला! वेग निम्मा करून ४० वर आणा, तो जोर चार किलोवरून एक किलोवर येतो. म्हणून शहरात गाडी गुपचूप चालते आणि हायवेला लागली की अंगात येते.

यावरचा उपाय म्हणजे व्हील बॅलन्सिंग. मशीनवर चाक फिरवून कुठे किती वजन कमी आहे ते बघतात आणि रिमला शिशाचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे लावतात. रुंद, जड चाकाला आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही कडांना वजन लावावं लागतं. एकाच बाजूला ठोकून भागत नाही.

पण प्रत्येक थरथर बॅलन्सिंगची नसते आणि इथेच बरेच लोक पैसे घालवतात. आधी लक्षण ओळखा. थरथर स्टेअरिंगमध्ये असेल तर संशय पुढच्या चाकांवर. सीट आणि फ्लोअरमध्ये असेल तर मागच्या चाकांवर किंवा प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर डिस्क किंवा ड्रम बघा. ठराविक वेगाला येऊन पुढे कमी होत असेल तर बॅलन्सिंग. अगदी वीस-तीसच्या वेगाला गाडी डुलत असेल तर रिम वाकलेली आहे किंवा टायर आतून सुटून त्याला फुगा आलाय. तसा टायर वजनं लावून सुधारत नाही, तो काढूनच टाकायचा. तो चालत्या गाडीत फुटू शकतो.

कधी दोष त्याहून साधा असतो. हब आणि रिम यांच्यामध्ये गंज किंवा माती राहते, चाक किंचित तिरकं बसतं. चाकाचे नट ओळीने एकेक आवळले की तेच होतं. ते समोरासमोरचे असे आलटून पालटून आवळावे लागतात. टायर आणि रिम दोन्ही थोडे वेडेवाकडे असतील तर हुशार कारागीर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवतो. एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खोलगट जागी आला की निम्मं दुखणं जातं. हवा किती भरायची, हे बहुतेक गाड्यांत दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.

आणि सगळ्यात स्वस्त तपासणी? पुढचं चाक मागे आणि मागचं पुढे लावून गाडी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने चालवा. थरथर स्टेअरिंगमधून सीटखाली गेली तर दोष चाकात. तिथेच राहिली तर दोष गाडीत, बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा टाय रॉडमध्ये. रस्ता तोच, वेग तोच, बदल एकाच गोष्टीत. हे बेलफास्टच्या अंगणातलंच तंत्र आहे.

बैलाच्या मागे डनलॉप

आपल्या महाराष्ट्रात डनलॉप हे नाव मोटारीपेक्षा खोल रुजलंय ते एका वेगळ्याच ठिकाणी. भारतात डनलॉपचा टायर कारखाना १९३६ मध्ये बंगालमधल्या साहागंजला सुरू झाला. हळूहळू टायर शहरातून शेतात पोचले. आपल्या जुन्या बैलगाडीचं चाक म्हणजे लाकडी आरे आणि वरून तापवून चढवलेली लोखंडी धाव. बांधकाम कमालीचं मजबूत, पण प्रत्येक दगडाचा धक्का जू ओढणाऱ्या मानेपर्यंत जाणार. ती चाकं जाऊन टायर आले आणि साखर कारखान्यांच्या पट्ट्यात टायरच्या बैलगाडीचं नावच डनलॉप गाडी पडलं. कंपनीचा साहागंजचा कारखाना बंद पडला, पण हे नाव काही गेलं नाही.

जनावरांचे पाय तपासण्यात उमेद घालवलेल्या डॉक्टरला यापेक्षा योग्य स्मारक मिळालं नसतं, असं म्हणायचा मोह होतो. पण पूर्ण गोष्ट तशी नाही. टायरची गाडी हलकी चालते, म्हणून तिच्यावर ऊस जास्त चढवला जातो. ओढ कमी झाल्याचा जो फायदा बैलाला मिळायचा, तो मोळ्यांच्या उंचीत निघून जातो. चढावर गुडघे टेकणारे बैल गळीत हंगामात आजही दिसतात. पिकअपचंही वेगळं काय होतं? टायर दणकट टाकले म्हणून लोड वाढतो, लोड वाढला म्हणून हवा वाढते, हवा वाढली म्हणून गाडी थरथरते.

डनलॉप यांनी सुरुवात केली होती ती धक्का कुणाला बसतोय, या प्रश्नापासून. तो जॉनीला बसत होता आणि बापाला ते दिसलं. टायर निवडताना, हवा भरताना, गाडी भरताना हा प्रश्न आपणही विचारायला हवा. पिकअपला त्रास झाला तर ती स्टेअरिंगमधून सांगते. बैल सांगत नाही. त्याच्याकडे बघावं लागतं.